उपाशीपोटी यावे

धोंडीरामानं मठाच्या पायरीवर उभं राहून भाकरीचा शेवटचा तुकडा घाईघाईनं गिळला, मिशा पुसल्या आणि साळसूदपणे आत पाऊल टाकलं. योगासनं शिकवणारे गुरुलिंग मास्तर दारातच उभे होते.

"तोंड उघड."

"जी?"

"आ कर, आ."

सदतीस वर्षांच्या, बायकापोरं असलेल्या बाप्यानं आ केला. दातांच्या फटीत ज्वारी! ओवरीत घोंगड्या अंथरून बसलेले आठ-दहा गिरणी कामगार खो-खो हसले.

"पहिल्या दिवशी नवख्यांना काय सांगितलं होतं?"

"उपाशीपोटी यायचं. शेजाऱ्याची बरोबरी करायची न्हाई. श्वास कोंडायचा न्हाई. आन् दुखणं लपवायचं न्हाई."

"पाठ तर पोपटासारखं आहे! मग काल ओकलास ते काय गंमत म्हणून? आज भिंतीशी बसून नुसतं बघ. उद्या पोटात काही असलं तर येऊच नकोस."

येऊ नको म्हणायला मास्तरांचं काय जात होतं? सोलापूरच्या गिरणीत, पिंजणखात्यात पंधरा वर्षं कापसाची धूळ खाऊन धोंडीरामाची छाती बसली होती. श्वास गळ्याखाली उतरत नव्हता. दसऱ्यापर्यंत खोकला थांबला नाही तर दुसरा माणूस लावीन, असं खात्याच्या मुकादमानं, जॉबरनं बजावलं होतं. औषधं देऊन थकलेल्या डॉक्टरनंच त्याला इथं धाडलं होतं. हाही दोर तुटला तर घरातल्या चार तोंडांत काय घालायचं?

वर्ग सुटल्यावर मायाप्पानं त्याला गाठलं. तोही त्याच खात्यातला.

"लेका, तासभर कळ काढवत न्हाई व्हय तुला? वर्ग सुटल्यावर, गिरणीच्या भोंग्याच्या आदी खा की!"

"भूक लागत न्हाई रं मला."

"मग खातूस कशाला?"

धोंडीरामानं इकडंतिकडं पाहिलं. "पोट रिकामं असलं की ती बोलती."

"कोण?"

"कोण न्हाई. चल, उशीर हुतोय."

त्याच्या बायकोला, मथुराबाईला, एवढंच ठाऊक होतं की डोळा उघडल्याबरोबर नवऱ्याच्या हाती भाकरी द्यायची, नाही तर माणूस पांढराफटक पडतो. अठरा वर्षांत तिनं कारण विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं. दुसऱ्या पहाटे त्यानं भाकरी खाल्ली नाही, फडक्यात बांधून घेतली. मथुराबाई दारात उभी राहून बघतच राहिली.

आसनं झाली. मग मास्तर म्हणाले, "आता उताणे पडा. डोळे मिटा. फक्त आपला श्वास ऐका."

ओवरी शांत झाली. धोंडीरामाच्या पोटात गुरगुरलं आणि अगदी कानापाशी आवाज आला.

"दादा, माजी भाकर राहिली का रं?"

बजी. त्याची सहा वर्षांची बहीण. अठ्ठावीस वर्षांमागच्या मोठ्या दुष्काळात आईबाप खडी फोडायला जायचे आणि दोघा भावंडांत मिळून एक भाकरी ठेवायचे. निम्मी तुझी, निम्मी हिची. त्या दिवशी बजी तापानं निजली होती. नऊ वर्षांच्या धोंडीरामानं आपली निम्मी खाल्ली. मग तिच्यातला एक कोर. मग आणखी एक. जाग आल्यावर तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, कुत्र्यानं नेली. बजी रडली नाही, रागावली नाही. "त्याला भूक लागली असंल," म्हणाली आणि कूस वळवली. तिसऱ्या दिवशी ती गेली.

घोंगडीवर धोंडीराम घामानं भिजला. इतकी वर्षं हा आवाज त्यानं घास कोंबून गप्प केला होता. हात आपोआप उशाच्या फडक्याकडे गेला. बोटांना गाठ लागली. एक घास, बस्स, एकच.

"दादा?"

हात तिथंच थांबला.

"कुत्र्यानं न्हाई नेली, बजे," तो मोठ्यानं बोलला. "मी खाल्ली."

कुणी हसलं नाही. मायाप्पानं दचकून डोळे उघडले, तेव्हा मास्तरांनी हातानंच त्याला ते मिटायला सांगितलं. धोंडीराम तिच्या उत्तराची वाट बघत पडून राहिला, आणि वाट बघता बघता श्वास गळ्याखाली उतरला, छातीत गेला, तिथून खाली रिकाम्या पोटापर्यंत पोचला. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानांत गेलं. त्यानं ते पुसलं नाही.

वर्ग सुटल्यावर पायरीवर बसून त्यानं फडकं सोडलं आणि भाकरी मोडली. मोड वाकडी गेली. लहान तुकडा त्यानं तोंडात टाकला, मोठा फडक्यावर नीट ठेवला आणि फडकं पायरीच्या कडेला सरकवलं.

तेवढ्यात भोंगा झाला. तो झपाझप चालू लागला. वळणावर मागं बघावंसं लई वाटलं त्याला, पण त्यानं मान वळवली नाही. कुणी बघत असलं की बजीच्या घशाखाली घास उतरायचा नाही.