बिरुदेवाचा पंखा

या, जरा पुढं सरकून बसा. कीर्तनाला वेळ आहे, बुवांचा चहा व्हायचाय. तोवर एक गोष्ट सांगते. गोष्ट देवळातलीच, तरी हसू आलं तर दाबू नका. देव रागावत नाही, पुजारी रागावतात.

सोलापूरच्या हद्दवाढीत बिरुदेवाचं लहानसं देऊळ आहे. पुजारी बिरप्पा, बायको केराबाई. आपल्या उन्हात देवालाही उकडतं म्हणून केराबाईनं गाभाऱ्यात टेबलफॅन दिलेला. पाठीमागं रंगानं लिहिलंय, ‘कै. निंगव्वा हिच्या स्मरणार्थ’. निंगव्वा तिची धाकटी बहीण. कुत्रं चावलं, घरच्यांनी मंतरलेला दोरा बांधला, आणि महिन्याभरानं पोर पाण्याचा तांब्या बघून किंचाळत किंचाळत मेली.

एके दिवशी सकाळी बिरप्पा नैवेद्यातली भाकर दारातल्या तांबड्या कुत्र्याला घालायला गेला. कुत्र्यानं भाकर सोडली, पोटरी धरली.

बिरप्पानं जखमेत मूठभर भंडारा दाबला. “देवाचं कुत्रं हाय. चावलं न्हाय, परसाद दिलाय.”

केराबाईनं त्याला नळाखाली ओढून कपड्याच्या साबणानं पाव तास जखम धुतली. पिवळं पाणी गटारीला लागलं.

“केरे, भंडारा धुतलास! पाप लागंल!”

“पाप मला लागू द्या, सुई तुमी घ्या. चला दवाखान्यात.”

“कौल घेतल्याबिगर उंबरा वलांडणार न्हाय.”

झालं! देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटल्या. उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर थांबायचं. बिरप्पा डोळे मिटून बसला. दहा वाजले, अकरा वाजले. पाकळ्या हलेनात. बाराला केसपेपरची खिडकी बंद होणार. केराबाईच्या डोळ्यांपुढं तो तांब्या.

“देवाला घाई नसतीया,” बिरप्पा पुटपुटला.

“त्याला कुटं कुत्रं चावलंय?”

तिनं पंख्याचं तोंड देवाच्या उजव्या खांद्याकडं वळवलं आणि बटण दाबलं. पाकळी उडाली ती थेट बिरप्पाच्या नाकावर.

“उजवी! पर पंखा कुणी लावला गं?”

“देवाला उकडत हुतं. उठा आता!”

दवाखान्यात सिस्टर म्हणाली, “लगेच आलात, बरं केलंत. रेबीजची सुई आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. एकही चुकवायची नाही.” जखमेत सीरमची सुई शिरली तेव्हा पुजाऱ्यानं बिरुदेवाला जी हाक मारली, ती कीर्तनात सांगण्यासारखी नाही.

तिसऱ्या दिवशीही कौल लागला, पंखाही लागला.

पाचव्या दिवशी तो तांबडा कुत्रा लाळ गाळत, झोकांड्या खात देवळामागं येऊन मेला. बिरप्पा पायरीवर बसून राहिला. जेवायलाही उठला नाही.

सातव्या दिवशी केराबाई अंघोळ करून आली, तर पाकळ्या लावलेल्या. बिरप्पाचे डोळे मात्र उघडे. तो पंख्यामागची अक्षरं धोतराच्या सोग्यानं पुसत होता. पंख्याचं तोंड त्यानं स्वतःच उजवीकडं वळवलं.

“चल निंगे,” तो म्हणाला, “दे कौल.”

बघा, बुवा उठले. त्या देवळात गेलात तर देवाला हात जोडालच. पण पंख्याचा वारा अंगाला लागला, की निंगव्वाची तेवढी आठवण काढा.