होडी परत येते ते पुस्तक

“हे नाक त्याचं? नावाड्याचं असं नाक असतं का कुठं?” सगीराभाभी गोंड्याचा दोरा दातात धरूनच पुटपुटली. “शादी में आया दिखता ये. होडी चलाने नहीं.”

शीलानं पिकोच्या मशीनवरचा पाय उचलला. “कोणाचं नाक, भाभी?”

“किसी का नहीं,” म्हणत भाभीनं मोबाईल ओढणीखाली सारला.

शहागंजच्या मागच्या गल्लीत दोघींचं मिळून एक दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर आणि दोन स्टुलं. शीला साड्यांना फॉल-पिको करायची, भाभी पदराला गोंडे बांधायची. साडीची उलटी-सुलटी बाजू शीलाला डोळे मिटून, नुसत्या बोटांनी कळत असे. माणसांच्या बाबतीतही आपलं तसंच आहे, असा तिचा समज होता. भाभी आणि भाभीची झेबा, दोघी मिळून काहीतरी लपवत होत्या. आठवडाभर तिला वास येत होता.

“तोशिओची सीरियल आली ना?” शीलानं सरळच विचारलं.

भाभीनं गोंडा उगाच घट्ट केला.

तोशिओ हा जपानी चित्रकथेतला नावाडी. मांगा म्हणतात त्याला. शीलाच्या आकाशनं कॉलेजात असताना ती इंग्रजी पुस्तकं एकेक करून जमवली होती. संध्याकाळी दुकानात यायचा, मशीनच्या वर आवाज चढवायचा आणि आईला गोष्ट सांगायचा: बेटावरून औषधं, टपाल, अडलेल्या बाया पलीकडं पोचवणारा तोशिओ, आणि तो परतेपर्यंत किनाऱ्यावर कंदील धरून उभी राहणारी त्याची आई. पुस्तक मात्र हातात द्यायचा नाही. लांबूनच एखादं चित्र दाखवायचा. “तेलाचे हात हायेत तुझे.” चित्रात तोशिओचं नाक म्हणजे एक बारीक रेघ होती. त्या रेघेत कुणाचंही नाक बसलं असतं. आकाशचं तर आरामात बसायचं.

शेवटचं पुस्तक त्यानं आणलं, एका बैठकीत वाचलं आणि म्हणाला, “हे निवांत सांगतो, आल्यावर.” मग मित्रांबरोबर पैठणला गेला.

त्यापुढचं गल्लीत कोणी पुरतं बोलत नसे. ‘आकाशचं ते झालं तेव्हा’ म्हणायचे आणि थांबायचे. धरणाचं नाव निघू नये म्हणून लोक पैठणलाच ‘तिकडं’ म्हणायला लागले होते. शीलाही ‘ते झालं’ असंच म्हणायची.

बऱ्याच महिन्यांनी तिनं साबणानं दोनदा हात धुतले आणि ते शेवटचं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर इंग्रजीत ठळक अक्षरांत काहीतरी दटावलेलं होतं. छापखानेवाल्यांचं काही असेल म्हणून तिनं ते सोडून दिलं. पुढं शब्द जवळजवळ नव्हतेच, पानभर चित्रं. रिकामा समुद्र. मग पाण्यावर तरंगणारं वल्हं. मग पाण्याबाहेर एक हात. मग होडी. वादळ. वादळ मागं पडतं, किनारा दिसतो, किनाऱ्यावर कंदील घेऊन आई. आणि शेवटी घरात समोरासमोर बसून भात खाणारी मायलेकरं.

दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन ती म्हणाली, “आला बाई घरी. एवढ्या वादळातून आला!” आणि त्या दुपारी तिनं डबा संपवला.

डबा झाल्यावर भाभीनंही पुस्तक बघायला घेतलं होतं. उर्दूचं पुस्तक उघडावं तसं, पाठीकडून. शीलाला हसू फुटलं होतं. “अगं भाभी, उलटं धरलंस की!” भाभीनं चार-सहा पानं पाहिली, पुस्तक मिटलं आणि “हौ, उलटाच पकडी मैं,” म्हणत चहा आणायला गेली. चहाला वेळ लावला होता तिनं.

“दे इकडं,” शीलानं आता मोबाईल ओढूनच घेतला. जाहिरातीचा तुकडा पाहिला आणि तिचं डोकं फिरलं. “होडी बघ, काल रंगवल्यासारखी. आईच्या कानात मोती! रोज वाऱ्यात उभी राहणारी बाई ही? आणि हे काय? भात खाऊन उठून चाललाय? भात तर शेवटी हाय!”

तेवढ्यात झेबा आली. दवाखान्यात नर्स होती ती. ड्यूटी संपली की आईला न्यायला यायची. आकाशकडून तिनंही ती पुस्तकं नेऊन वाचली होती, पानं न दुमडता.

“काकू, नका बघू. लई बेकार बनवलंय,” ती घाईघाईनं म्हणाली. “लोक शिव्या घालायलेत. शेवटच बदललाय म्हणे.”

“तू बघितलं का?”

“मी? नाय.”

शीलानं तिच्याकडं निरखून पाहिलं. ही पोरगी नासलेली भेळसुद्धा ‘बघू तर’ म्हणून संपवणारी. “मग चल, बघू. शेवटचाच भाग लाव.”

“काकू, नेट...”

“माझ्या नेटवर लाव.”

झेबानं आईकडं पाहिलं. भाभीनं शटर अर्ध्यावर ओढलं. मोबाईल बॉबिनच्या डब्याला टेकवून तिघी वाकल्या.

तोशिओनं भात खाल्ला. “घास बघ, दोन शितांचा. उपासाला बसलाय का?” शीला म्हणाली. आईनं कंदील पेटवला. “काच पुसली नाय तिनं.” होडी सुटली. मग वादळ आलं, आणि शीला बोलायची थांबली. होडी दिसेनाशी झाली. पाण्याबाहेर एक हात आला. मग नुसतं वल्हं. मग नुसतं पाणी, आणि त्यावर वर सरकत जाणारी नावं.

“बदललं,” शीला म्हणाली. “मेल्यांनी बदललं.”

“हो काकू,” झेबा लगेच म्हणाली. “बोलले होते ना मी.”

“मागं जातं का हे?”

झेबाचं बोट नको नको म्हणत पडद्यावर टेकलं. तिनं ते हळूहळू मागं ओढलं. बोटाच्या वर इवलीइवली चित्रं उमटत गेली. रिकामं पाणी. वल्हं. हात. होडी. वादळ. किनारा. कंदील. भात.

शीला बघत राहिली. हे तिचंच पुस्तक होतं. पानामागून पान, तस्संच.

झेबानं बोट उचललं. पडद्यावरचा तोशिओ भात संपवून पुन्हा उठला, दाराकडं निघाला. झेबानं घाईनं मोबाईल पालथा घातला.

“भाभी,” शीला म्हणाली, “त्या दिवशी तू उलटं नव्हतं धरलंस.”

भाभीनं मांडीवरचे दोरे गोळा केले.

“सांग ना.”

“नाय,” भाभी म्हणाली. “उलटं नव्हतं. जपानी किताब उर्दू सरीखीच खुलती.”

“मग तवाच कामून नाय बोललीस?”

“तू जेवली होतीस ना उस दिन,” भाभी म्हणाली. “पूरा डब्बा.”

बाहेरून कोणीतरी वाकून शटरखालून विचारलं, “ताई, साडी झाली का?”

“बसा जरा,” झेबा म्हणाली.

शीला उठली. मशीनच्या वरच्या फळीवर, साडीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ते पुस्तक होतं. तिनं ते काढलं. हात धुवायला ती मागं गेली नाही. पुस्तक फिरवलं आणि भाभी धरते तसं, पाठीकडून उघडलं. पहिल्याच चित्रात तो जेवत होता. तेलकट अंगठा भाताच्या वाटीवर उमटला. तिनं तो पुसला नाही.

पुढचं पान न उलटता ती म्हणाली, “आकाश बुडाला.”