अब्दियासने ओढून काढलेली कात

रविवारी चर्चसमोरच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या पठारावरच्या वाड्यांमधूनही बायका पोरांना पाठीशी बांधून उतरल्या होत्या. मधोमध पांढरा लोकरी पोंचो पांघरलेला, मंत्राने रोग काढणारा अब्दियास बसला होता. एकेका पोराच्या गळ्यावरून तो कोंबडीचं अंडं फिरवी, डोळे मिटून पुटपुटे, मग तोंडात दोन बोटं घालून ओलसर पांढुरका पापुद्रा ओढून काढी.

“ही सापाची कात,” तो सगळ्यांना दाखवी. “साप पळाला. आता दवाखाना नको, सुई नको.”

मी नेलिदा, गावच्या आरोग्यकेंद्राची नर्स. मागे उभी राहून बघत होते. प्रकार हसण्यासारखा होता, पण हसायला मला तोंड नव्हतं. कोरोना आला तेव्हा वरून आदेश निघाला आणि केंद्राला मीच कुलूप लावलं. बाळांना लसीला आणू नका, असं दारोदार मीच सांगत फिरले. सात महिन्यांनी कुलूप निघालं, तरी भीतीने कोणी फिरकेना. मग गावात घटसर्प शिरला.

गावातल्या फोर्तुनाताची मुलगी नायदा टाळेबंदीत जन्मलेली, पावणेदोन वर्षांची. एकही डोस मिळालेला नाही. शनिवारीच मी तिचा घसा पाहिला होता. राखाडी पापुद्रा धरलेला, मान सुजलेली. मी फोर्तुनाताला म्हटलं, आत्ताच्या आत्ता शहरात ने, तिथे प्रतिविषाचं इंजेक्शन मिळेल.

“सिस्टर, तुम्ही आणू नका म्हणालात, आम्ही आणलं नाही,” ती म्हणाली. “आता म्हणता न्या. तुमचं कुठल्या दिवशीचं बोलणं खरं धरू?”

शहर आठ तासांवर, अब्दियास चार पावलांवर. रविवारी त्याने नायदाच्या तोंडातूनही कात काढली. मंगळवारी दुपारी, आईच्या मांडीवर, नायदाचा श्वास कोंडला तो सुटलाच नाही.

अब्दियास म्हणाला, आईचाच विश्वास कमी पडला.

दफनानंतर दोन दिवसांनी फोर्तुनाता केंद्रात आली. रुमालात तिने तो पापुद्रा जपून ठेवला होता. “रोग बाहेर आला होता ना? मग ती गेली का?”

मी तो उजेडात धरला. घटसर्पाचा पापुद्रा घशाला घट्ट चिकटलेला असतो, ओढला तर रक्त येतं. याच्यावर रक्ताचा डागही नव्हता. मी एक अंडं फोडलं, कवचाच्या आतला पातळ पडदा सोलला आणि त्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही एकच. ज्यांना अब्दियास बरं करत होता, त्या पोरांचे घसे सर्दीने धरलेले, आपोआप सुटणारे. फोर्तुनाताने दोन्ही पडदे रुमालात बांधून घेतले.

पुढच्या रविवारी सकाळी तिने गावातल्या पाच बायकांना बोलावलं आणि त्यांच्यादेखत मला स्वतःचा घसा तपासायला लावला. प्रत्येकीने टॉर्च धरून पाहिलं. घसा स्वच्छ, गुलाबी. मग ती पटांगणात जाऊन अब्दियाससमोर बसली आणि घसा दुखतो म्हणाली.

अंडं फिरलं. बोटं तोंडात गेली. कात निघाली.

फोर्तुनाताने त्याचं मनगट पकडलं. त्या पाच बायका पुढे झाल्या, घसा साफ होता म्हणून सांगू लागल्या. एकीने त्याची मूठ उघडली. अंगठ्याच्या बेचक्यात घडी घातलेले आणखी दोन पडदे होते, पुढच्या दोन पोरांसाठी.

तो देवाचं नाव घेत ओरडू लागला. कोणी हात उचलला नाही. बायका नुसत्या बाजूला झाल्या आणि तो सामान उचलून चालता झाला.

फोर्तुनाता तिथेच उभी राहिली. “मी विचारलं नाही,” ती म्हणाली. “रक्त का नाही, असं एकदा विचारलं असतं तर शहराच्या वाटेला लागले असते. तुम्ही विचारा. त्याला विचारा, सिस्टरलाही विचारा. उत्तर पटलं तरच पोर हाती द्या.”

मग खरंच विचारलं सगळ्यांनी. केंद्र का बंद ठेवलं, आता सुरक्षित कशावरून, ताप आला तर काय. मी उत्तरं दिली, आणि बंदीच्या काळात आम्ही चुकलो, हेही सांगितलं. त्याच दुपारी घशात राखाडी पापुद्रा धरलेल्या दोन पोरांना घेऊन ट्रक शहराकडे निघाला. एक वाचलं.

साथ एका रोगाची असते, पण बाकीचे रोग तिच्यासाठी थांबत नाहीत. राहिलेला डोस उशिरा घेतला तरी चालतो. संध्याकाळपर्यंत पोरांना पाठीशी बांधून एकतीस आया लसीसाठी केंद्रासमोर उभ्या होत्या. फोर्तुनाता त्यांना ओळीने बसवत होती. तिच्या स्वतःच्या पाठीवर मात्र कोणी नव्हतं.