कोयनेलचा निळा उजेड

"आज कुणाची पाळी गं, करंगळीची की अनामिकेची?" लेकीच्या लहानपणी रोज सकाळी आई आपल्याच बोटांना असं विचारायची आणि साखर तपासायला हसत सुई टोचून घ्यायची. त्या हसण्यापायीच लेक प्रयोगशाळेत शिरली. साखर भेटली की चमकणारं विकर, म्हणजे एन्झाइम, बनवायचं आणि आईची बोटं सोडवायची, एवढा एकच ध्यास.

आज तीच आई खचाखच भरलेल्या सभागृहात पहिल्या रांगेत बसली होती, हात जोडून. पडदे ओढलेले. मधुमेह पळवतो म्हणणाऱ्या तेजोबाबांनी तिच्या रक्ताचा थेंब पेल्यातल्या पाण्यात सोडला, जांभळा दिवा लावला. पाणी निळंशार उजळलं.

"ही बघा साखर!" मग चिमूटभर भस्म पडलं नि निळाई विझली. "गेली! सुया फेका, बायाबाप्यांनो, मधुमेहानं काढता पाय घेतला!"

टाळ्यांनी छत दणाणलं. लेक व्यासपीठावर चढली.

"मला नुसतं पाणी द्या. रक्त नको."

"पोरी, श्रद्धा नसेल तर तेज लाजतं."

"लाजू दे की!" तिने पाण्याचा दुसरा पेला ओढला, दिवा स्वतःच लावला. रक्ताविनाच पाणी उजळलं. संशयापोटी पिशवीत आणलेली मिठाची पुडी तिने त्यात रिकामी केली. उजेड मालवला.

"यात कोयनेल आहे, हिवतापाचं औषध. या दिव्याखाली ते निळं चमकतं, मिठानं मंदावतं. साखरेचा इथे संबंधच नाही. चाखून बघा."

प्रेक्षकांतल्या एका कारकुनाने पुढे येऊन तिसऱ्या पेल्यात बोट बुडवून चाटलं, मग भस्मही. "थू! कडूजहर! आणि भस्म खारट हो!"

हशा पिकला, पण मागच्या रांगांपर्यंत पोचला नाही. बाबा शांतपणे म्हणाले, "नास्तिकाच्या हातात अमृतही नासतं." कित्येक माना डोलल्या.

बाबांच्या शब्दावर आईने अकरा दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर लेकीने तिची साखर तपासली. चारशे बारा.

"आता तरी पटलं?"

"तूच म्हणायचीस ना, उजेड साखर मोजेल?" आई उसळली. "तुझा येईना, म्हणून त्याचा धरला. मी एकटीच मूर्ख का गं?"



"आई, आमचं विकर पाण्यात बरोबर मोजतं, रक्तात चुकतं. तीन वर्षं चुकतंय. तू आशेनं विचारायचीस, म्हणून मी 'होत आलंय' म्हणत राहिले. उजेड त्याचा असो की माझा, पुरावा मागितल्याशिवाय त्याच्या हाती जीव सोपवू नकोस. मीही तुला फसवलंय."