पूजलेला भोंगा

पहिल्या खोट्या इशाऱ्याने आमच्या हवाई तळावरच्या टिटव्यांचा आवाज नेला. धावपट्टीच्या टोकाला त्या चोची उघडून ओरडत होत्या आणि ऐकू काहीच येत नव्हतं. ती घटस्थापना होती.

भोंग्याचं बटण माझ्या हाताखाली असतं. टेबलावर एक तांबडा दिवा आहे. सीमेपलीकडून अणुबॉम्ब घेऊन विमान निघाल्याचा संशय रडारला आला की तो लागतो. लागल्यापासून वीस सेकंदांत बटण दाबायचं. भोंगा झाला की जो जिथे असेल तिथे पालथा पडतो. मग इशारा खोटा असला तर रडारवाल्यांचा फोन येतो. पहिल्या दिवशी तो बगळ्यांचा थवा होता. आठव्या दिवशी, दुपारीच उगवलेला चंद्र.

नवरात्रात रोज चारला देवीच्या मांडवात वामनबुवा आराध्यांचं कीर्तन असे. मी खिडकीतून ऐकायचो. पूर्वरंग संपून बुवांच्या गळ्यात हार पडला की दिवा लागायचा, आणि प्रत्येक खोट्या भोंग्यानंतर तळावरचा एक आवाज कमी व्हायचा. टिटव्यांनंतर फाटकावरची कुत्री गेली. चौथ्या दिवसापासून विमानं मुकी उडू लागली. अंगावरून सावली गेली की मान वर करून बघायचं. मग क्वार्टर्समधले कुकर, मग आमच्याच ओळीतली पोरं.

आठव्या दिवशी बुवा. उत्तररंगात ते नाचले, हात उभारले, ओठ हलत राहिले. कुणीही उठलं नाही. आरती झाल्याशिवाय कीर्तनातून उठायचं नसतं. शेवटी बायका डोळे पुसत होत्या. खरं सांगतो, इतकं गोड आख्यान मी कधी अनुभवलं नव्हतं.

घरी माझी बायको कुमुद म्हणाली, "अहो, हे कडेकडून आत येत चाललंय. उद्या माझी पाळी."

"कशावरून?"

"बुवांच्या मागे झील कोण धरतं? मीच ना?"

मला ते पटलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली. सकाळी तिच्या भूपाळीने मी जागा होतो. दुसऱ्या कशाने मला जाग येत नाही.

"उद्या खंडेनवमी आहे," ती म्हणाली. "मी भोंग्याची पूजा करते. पूजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवत नाहीत. मग बघू कसा वाजतो तो."

तळाचे प्रमुख, विंग कमांडर खासनीस, लगेच तयार झाले. विमानांची होते, मग भोंग्याने काय पाप केलंय, म्हणाले. नारळ त्यांनीच फोडला. कुमुदने हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि माझ्या खिडकीत बसवलेल्या त्याच्या कर्ण्यापुढे साखरेची वाटी ठेवली. साहेब गेले. ती ताम्हण आवरत होती, एवढ्यात दिवा लागला.

मी वाटेत असलेल्या साहेबांना मोबाइल लावला. "साहेब, दिवा लागलाय."

"खोटाच असणार."

"मग नको दाबू?"

"असं मी कुठे म्हटलं?"

"मग दाबू?"

"पूजा झालीय ना त्याची?" असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

अकरा सेकंद उरले होते.

"दाबा," कुमुद म्हणाली.

"आणि खोटा निघाला तर?"

"आणि खरा निघाला तर? बाराशे माणसं आहेत बाहेर. मी काय, मुक्यानं स्वयंपाक करीन. भांडणात तेवढं तुम्हालाच सोपं."

"निदान काहीतरी बोलून घे. मला ऐकू दे."

"आता घाईत काय बोलू हो? सुचत नाही." तिने पदर सारखा केला. "दाबा ना!"

मी भोंग्याला हात जोडले, क्षमा मागितली आणि बटण दाबलं.

भोंगा वाजला नाही. त्याची विश्रांती चालू होती.

कुमुदने तोंड उघडलं आणि तिच्यातून तो आवाज निघाला. तोच चढ, तोच उतार. टेबलावरचं ताम्हण थरथरलं. बाहेर सगळा तळ पालथा पडला. मांडवातली माणसं, बुवा, वाटेत सायकलवरून उतरलेले खासनीस साहेब.

मी रडारच्या फोनची वाट पाहिली. फोन आला नाही. मी बटण सोडलं. कुमुद थांबली नाही. मी तिचा हात धरला, तो गार होता. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे आपल्याला थांबता येत नाही असं तिला सांगायचं होतं. इतक्या वेळात तिने एकदाही श्वास घेतला नव्हता.

मी खिडकीपाशी गेलो. बाहेरची माणसं एकेक करून उताणी होत होती. असं करायचं त्यांना कुणीही शिकवलं नव्हतं. मग सगळे एकाच जागेकडे बघू लागले. ती जागा आमच्या छपराच्या बरोबर वर होती आणि मला दिसत नव्हती.