हलकं झालेलं स्टेरिंग

मी स्टेरिंग बोलतोय. गाडी चालवताना ज्याला तुम्ही घट्ट धरता आणि उतरल्यावर ज्याच्याकडे वळूनही पाहत नाही, तोच मी. काळा, जाड, दोन ठिकाणी तडकलेला. तडकलेल्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आहे. आमची गाडी म्हणजे मिलिटरीच्या लिलावातून आलेला लहानसा ट्रक, चारही चाकं ओढणारा. काळ्या रानात जिथं ट्रॅक्टर रुततात, तिथं आम्ही बोअरचे पाइप आणि मोटरी पोचवत आलो.

फौजेत असताना रोज नवा ड्रायव्हर. हातांची ओळख व्हायच्या आत त्याची बदली व्हायची. माझे म्हणावेत असे पहिले हात शंभुलिंगचे. लिलावातून त्यानं गाडी आणली ती थेट आपल्या गावात, सास्तूरपासून थोड्याच अंतरावर. वेशीतून आत शिरलो आणि माझी दमछाक झाली. गाव कसलं, नुसत्या बोळांची गुंतवळ. दगडी भिंती इतक्या जवळ, की आमच्या इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंनी आपटून आमच्याच अंगावर यायचा.

मी तेव्हा फार जड होतो. या टोकापासून त्या टोकाला न्यायला पाच राउंड लागायचे. शंभुलिंगनं त्या बोळांचा हिशेब माझ्यावरच पाठ केला. वेशीत दीड राउंड उजवीकडे, चावडीला दोन डावीकडे, पुढं पाऊण, मग सोडून द्यायचं. महिन्याभरात तो बायकोशी गप्पा मारत आत यायला लागला. डोळ्यांचं काम उरलंच नव्हतं.

चावडीपाशी त्याची चार वर्षांची मुलगी शुभांगी वाट बघत असायची. तिथून घरापर्यंत ती त्याच्या मांडीवर. तिचे हात वर पोचत नसत, म्हणून ती मला खालून धरायची. "अप्पा, तुमी हात काढा, म्या चालवते," म्हणायची आणि जीव खाऊन ओढायची. शंभुलिंग बोटांनी हळूच सांभाळून घ्यायचा. मला मात्र ते इवले, गुळानं चिकट झालेले तळवे फार आवडायचे. कबूल करायला कसली लाज?

मग त्र्याण्णवचा भूकंप आला. आदल्या संध्याकाळी धाकटी, पाळण्यातली भुवनेश्वरी तापानं फणफणली, म्हणून शंभुलिंग तिला आणि आपल्या आईला घेऊन नळदुर्गच्या दवाखान्यात गेला होता. बायको इरम्मा आणि शुभांगी घरी राहिल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा वेस नव्हती, चावडी नव्हती, गावच नव्हतं.

नवं गाव दूर माळावर वसलं. सरळ रस्ते, सारखी घरं. जुन्या जागेवरचे दगड लोकांनी हळूहळू नेले. उरल्या ढिगांवर बाभळी माजल्या, गवत वाढलं. पण शेतांकडे जायची वाट तिथूनच. बाकीची वाहनं सरळ आरपार जातात. शंभुलिंग कधीच तसा गेला नाही. त्या मोकळ्या रानात तो गाडी बोळांतूनच न्यायचा. इथं वळ, तिथं वळ, दोन राउंड, पाऊण राउंड. "कुनाच्या चुलीवरून गाडी घालू व्हय?" एवढंच तो म्हणायचा. लोक लांबून बघायचे, हसायचं मात्र कुणी नाही.

आणि एक सांगतो, विश्वास ठेवा अगर ठेवू नका. मोकळ्या रानात इंजिनाचा आवाज पसरून जातो. जुन्या गावात तो पसरत नसे. बोळ बरोबर धरला की दोन्ही बाजूंनी आपटून परत यायचा, भिंती अजून उभ्या असल्यासारखा. एखादं चाक बोळाबाहेर गेलं, की गप्प. शंभुलिंगनं ते ऐकलं होतं. आम्ही दोघांनीही तो विषय कधी काढला नाही.

घरापर्यंत मात्र तो एकदाही गेला नाही. शेवटच्या दोन वळणांआधीच बाहेर पडायचा. भुवनेश्वरी मोठी झाली, सोलापुरात नर्स झाली, आणि दर सुट्टीत तिचं एकच.

"अप्पा, आपलं घर कुठं व्हतं, येकदा दावा की."

"दावतो."

असं करत तीस वर्षं गेली. मग त्याचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, हे जड स्टेरिंग ओढणं बंद, नाहीतर हात वर उचलणार नाही. भुवनेश्वरी म्हणाली, "तुमी गाडी सोडली तर मला आईची जागा दावनार कोन?" ती जागा त्याला पायी सापडत नव्हती, हीच खरी अडचण. एकदा तो चालत गेला होता आणि बाभळींत दुपारभर भटकून रिकामा परतला. वाट त्याच्या डोक्यात नव्हतीच. ती त्याच्या हातांत होती.

म्हणून आम्ही संघपालच्या गॅरेजात गेलो, नळदुर्गच्या हायवेवर. संघपाल आडपडदा न ठेवता बोलणारा मिस्त्री.

"अण्णा, पावर स्टेरिंगचा नवा संच न्हाय परवडायचा तुमाला. भंगारातल्या जीपचा बॉक्स हाय माझ्याकडं. पंप दुसऱ्या गाडीचा घेऊ, चासीला पट्टी वेल्डिंग करतो. बोटानं फिरंल."

"खांदा दुखंल का?"

"खांद्याचं कामच न्हाय म्हनलं की."

चार दिवस ठोकाठोक चालली. माझा जुना बॉक्स, म्हणजे माझं वळणं चाकांपर्यंत नेणारी गिअरची पेटी, काढला, नवा म्हणजे दुसऱ्याचा जुना बसवला, पंपाला पट्टा, ऑइलला डबा. मला मात्र ठेवलं, कारण शंभुलिंग हटून बसला की चाक हेच पाहिजे. इंजिन सुरू झालं, त्यानं एक बोट लावलं आणि मी गर्रकन फिरलो. मला ते मुळीच आवडलं नाही. जमिनीचा दगडगोटा आजवर माझ्या अंगात कळायचा, आता काहीच कळेना.

रविवारी सकाळी तो भुवनेश्वरीला घेऊन निघाला. तिच्या पलीकडं खिडकीशी संघपालही बसला, आपलं काम कसं चालतंय ते बघायला. वेशीच्या जागी शंभुलिंगनं सवयीनं दीड राउंड फिरवलं आणि गाडी थेट बाभळीत घुसली. मागं घेतली. चावडीला दोन राउंड दिले, तर तोंड भलतीकडेच. तिसऱ्या खेपेला त्यानं गाडी थांबवली. कपाळावर घाम आला होता.

संघपालनं जीभ चावली. "अण्णा, चूक माझी हाय. ह्यो बॉक्स साडेतीन राउंडचा हाय. जुना पाचचा व्हता. थोडं फिरवलं की लई वळतंय. तुमचा समदा हिशेब मोडला."

शंभुलिंगनं माझ्यावरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि तो रडला. "गावातबी वाट चुकलो पोरी," म्हणाला. इंजिन सुरूच होतं. त्याचा आवाज रानभर पसरून विरत होता.

तेवढ्यात मी फिरलो.

शपथेवर सांगतो, मी आपणहून फिरलो नाही. मला कुणीतरी खालच्या बाजूनं धरलं होतं. ओढ जीव खाऊन होती आणि तळवे चिकट होते. भुवनेश्वरीनं आधी पाहिलं. "अप्पा, तुमचे हात तर खाली हायेत." संघपाल पुढं वाकला. "वॉल्व्ह झिजलाय. भंगारातल्या बॉक्सला असं व्हतं. इंजिन बंद करा अण्णा."

शंभुलिंगनं बंद केलं नाही. लहानात लहान गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी मुंगीच्या चालीनं निघाली. मी डावीकडे गेलो, थांबलो, सरळ झालो, पुन्हा वळलो. आणि आवाज परत आला. दोन्ही बाजूंनी, इतक्या जवळून, की संघपालनं खिडकीबाहेरचा हात आत घेतला.

एका जागी गाडी आचका देऊन बंद पडली. शंभुलिंग उतरला, गुडघ्यांवर बसून गवत उपसू लागला. खाली दगडांनी बांधलेलं गोल तोंड निघालं, धान्य साठवायचं पेव.

"आपलंच हाय. ह्याच्या उजव्या अंगाला चूल. आन् तिकडं, भिंतीपाशी, त्या दोघी निजायच्या."

भुवनेश्वरी तिथं जाऊन बसली. तिनं मातीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

परतताना संघपाल म्हणाला, "अण्णा, घर घावलं, बेस झालं. पन बॉक्स खोलावाच लागंल. हायवेला असं फिरलं तर जीव जाईल." मी मनात म्हटलं, नको म्हण, एकदा तरी नको म्हण.

"खोल," तो म्हणाला. "दमली आसंल थोरली पोर. किती दिस धरून बसंल?"

दुसऱ्या दिवशी संघपालनं बॉक्स सुटा करून फडक्यावर मांडला. वॉल्व्ह पुसला, उन्हात धरून बघितला, पुन्हा बघितला. कुठंच झिजला नव्हता. त्यानं तो तसाच परत बसवला, हात धुतले आणि बाहेर जाऊन शंभुलिंगला एवढंच सांगितलं, "झालं काम."

त्यानंतर ते चिकट तळवे मला पुन्हा कधीच लागले नाहीत. आता गाडी भुवनेश्वरीच्या हातात असते, सुट्टीला आली की. शंभुलिंग शेजारी बसतो. परवा शेताकडे निघालो, बाभळी दिसल्या तसा तिनं वेग कमी केला आणि कुठून घेऊ म्हणून विचारलं.

"भायेरून घे," शंभुलिंग म्हणाला. "निजू दे समद्यांस्नी."

तिनं मला एका बोटानं फिरवलं आणि आम्ही गावाला लांबून वळसा घातला.