शंभराचं थिएटर

पिन्स्कच्या बाजारात तेक्लामावशीचं भाजीचं दुकान चाळीस वर्षांचं. "नोटा बदलत गेल्या, दोन रूबल मी पुरले," ती सांगायची, "आता तिसरा घटका मोजतोय."

सरकारने चार शून्यं कापून दहा हजारांचा एक रूबल केला. लोकांच्या हातात कित्येक वर्षांनी नाणी आली. वर्षअखेरपर्यंत जुन्या नोटाही चालणार होत्या. सून झान्ना नव्या नोटा येण्याच्या आदल्या दिवशीच म्हणाली, "आई, आता गल्ल्यावर मी बसते. तुम्ही चौथी शिकलेल्या, हे तुम्हाला झेपायचं नाही."

ज्याच्या हाती गल्ला, त्याच्या हाती घर, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"बस की," तेक्ला म्हणाली. "पण उद्या बाजार उठेपर्यंत एकदा जरी फसलीस, तर पुन्हा गल्ल्याचं नाव काढायचं नाही."

झान्नाने आकडे पाठ केले होते. सकाळी तिचा हात झरझर चालत होता. इतक्यात चकचकीत बुटांच्या एका गृहस्थाने स्ट्रॉबेरीची दहा रूबलची बादली उचलून शंभराची नोट दिली. मागे रांग खोळंबलेली. झान्नाने नव्वद मोजून पुढे केले.

शेपू निवडणाऱ्या तेक्लाने बादलीवर हात ठेवला. "साहेब, बादली आणि नव्वद इकडे ठेवा. हे थिएटर तुमचं तुम्हाला."

"शंभर लिहिलंय की त्यावर!"

"लिहिलेलं कोण वाचतंय? आमच्या पहिल्या नोटांवर प्राणी असायचे; सशावर एक लिहिलं होतं, तो दहाला चालायचा. तेव्हापासून मी चित्र बघते. नव्या शंभरावर किल्ला आहे. थिएटरचं चित्र म्हणजे जुनी नोट, आताचा एक कोपेक, रूबलचा शंभरावा हिस्सा. त्यात काकडीचा देठसुद्धा येत नाही."

"चूक झाली," गृहस्थ पुटपुटला.

"होते हो. चुकून कुणी थिएटरच्या जागी किल्ला देत नाही, एवढंच."

रांग खदखदून हसली. गृहस्थ सटकला. झान्ना लालबुंद होऊन एप्रनची गाठ सोडू लागली.

"ते कशाला सोडतेस? काकड्या काय तुझा नवरा तोलणार?" तेक्ला ऐटीत गल्ल्यावर बसली. तेवढ्यात एका बाईने मूठभर नाणी पुढ्यात ओतली. तेक्लाने एक उलटून पाहिलं, दुसरं पाहिलं. सगळ्यांवर तेच राजचिन्ह. ना ससा, ना लांडगा, ना किल्ला.

तिने घसा खाकरला आणि स्टुलावर थोडी सरकली.

"ये, बस इथं. नोटा माझ्या, चिल्लर तुझी. मेल्यांनी एक प्राणी काढला असता तर काय बिघडलं असतं?"